फाइल रूपांतर करणारा सर्व्हर सुरक्षित कसा ठेवावा?

ऑनलाइन अर्जात फोटो अपलोड केला की तो आपोआप लहान होतो. पीडीएफ जोडली की तिचे पहिले पान चित्र म्हणून दिसते. हे काम सर्व्हरवरचा एक प्रोग्राम करतो. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडणे हेच त्याचे काम, त्यामुळे धोकाही तिथेच असतो.

मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या प्रसिद्ध प्रोग्राममधली ‘इमेजट्रॅजिक’ ही त्रुटी जाहीर झाली. काही कामे इमेजमॅजिक बाहेरच्या प्रोग्रामकडून करून घेतो. चित्राच्या फाइलमध्ये एचटीटीपीएस पत्ता असेल, तर तिथली प्रतिमा आणण्यासाठी तो एक कमांड चालवायचा आणि पत्ता नीट न तपासता त्या कमांडमध्ये जोडायचा. पत्त्यात अवतरणचिन्ह आणि उभी रेघ घातली, की पुढचा मजकूर सर्व्हर स्वतंत्र कमांड समजून चालवत असे. फाइलच्या नावात जेपीजी असले तरी उपयोग नव्हता, कारण इमेजमॅजिक प्रकार ओळखतो तो आतल्या मजकुरावरून. पुढे हीच त्रुटी फेसबुकच्या सर्व्हरवरही सापडली. ती कळवणाऱ्या संशोधकाला कंपनीने ४०,००० डॉलर दिले.

म्हणून पहिले काम म्हणजे मोजकेच प्रकार स्वीकारणे. फाइलच्या सुरुवातीचे बाइट तपासावेत (जेपीजी असेल तर एफएफ डी८ एफएफ) आणि नको असलेले प्रकार इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये बंद करावेत. पीडीएफची गरज नसेल तर तीही बंदच ठेवावी. ती घोस्टस्क्रिप्टकडे जाते आणि तिथेही गंभीर त्रुटी वारंवार निघाल्या आहेत. वापरकर्त्याने दिलेले फाइलचे नाव कमांडमध्ये कधीच वापरू नये. नावाच्या सुरुवातीला नुसती आडवी रेघ असली तरी प्रोग्राम त्याला पर्याय समजू शकतो. आपले स्वतःचे क्रमांकाचे नाव द्यावे, हे सोपे.

फाइलचा आकार तपासणे पुरेसे नाही. २०,००० बाय २०,००० पिक्सेलचे कोरे काळे-पांढरे पीएनजी एक एमबीपेक्षाही लहान असू शकते, पण उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तरी १.६ जीबी मेमरी लागते. लांबी-रुंदीची मर्यादा उघडण्यापूर्वीच तपासावी.

एवढे करूनही उद्या नवी त्रुटी निघेलच. त्यामुळे माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय म्हणजे रूपांतराचे काम वेगळ्या कंटेनरमध्ये, कमी अधिकारांच्या वापरकर्त्याकडून करून घेणे. त्या कंटेनरला डेटाबेसचा पासवर्ड देऊ नये, लोकांची आधी आलेली कागदपत्रे तिथे नसावीत आणि नेटवर्क पूर्ण बंद असावे. मग फाइलने बाहेरचा किंवा कार्यालयातला अंतर्गत पत्ता उघडायला सांगितले, तरी ते होणार नाही. प्रोग्रामचे अपडेट वेळेवर टाकायचे, हे वेगळे सांगायला नको.

समजा ३० सेकंदांत काम झाले नाही, तर प्रोग्राम थांबवून तात्पुरती फाइल पुसावी. वापरकर्त्याला ‘फाइल वाचता आली नाही’ एवढेच दाखवावे. मूळ त्रुटीसंदेशात सर्व्हरवरच्या फोल्डरांची नावे आणि आवृत्ती क्रमांक असतात, ते फक्त आपल्या नोंदवहीत ठेवावेत.