भारत-चीन मैत्री वर्ष आणि कोटणीस कुटुंबाची भेट (2006)

चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी 20 ते 23 नोव्हेंबर 2006 या काळात भारताला दिलेली राजकीय भेट आणि तिच्या अखेरीस मुंबईत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या नातेवाइकांशी झालेली त्यांची गाठ. 2006 हे साल दोन्ही देशांनी ‘मैत्री वर्ष’ म्हणून पाळले. चीनचा राष्ट्राध्यक्ष भारतात येण्याची ही दहा वर्षांतील पहिलीच वेळ होती. त्यापूर्वी 1996 मध्ये जिआंग झेमिन आले होते.

दौऱ्यापूर्वी, 6 जुलै रोजी, सिक्कीममधील नथू ला खिंड व्यापारासाठी खुली झाली होती. 1962 च्या युद्धापासून, म्हणजे 44 वर्षे, ती बंद होती. दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर 21 नोव्हेंबर रोजी संयुक्त घोषणापत्र निघाले. 2010 पर्यंत परस्पर व्यापार 40 अब्ज डॉलरवर नेणे, कोलकाता आणि ग्वांगझोऊ येथे वाणिज्य दूतावास उघडणे, तरुणांची ये-जा वाढवणे ही त्यातील ठळक कलमे होत. सीमाप्रश्न मात्र होता तिथेच राहिला. दौऱ्याच्या तोंडावर चीनच्या राजदूतांनी अरुणाचल प्रदेशावर आपल्या देशाचा हक्क जाहीरपणे सांगितल्याने दिल्लीत नाराजी उमटली होती आणि स्वागताच्या सोहळ्यांवरही तिचे सावट होते.

दिल्ली आणि आग्रा आटोपून हू जिंताओ मुंबईत आले. तेथे त्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली. कोटणीसांच्या पत्नी गुओ छिंगलान याही या दौऱ्यात भारतात आल्या होत्या. सासरच्या देशाला त्यांनी दिलेली ही शेवटची भेट ठरली; 2012 मध्ये चीनमधील दालियान येथे त्यांचे निधन झाले. दोन बलाढ्य देशांच्या व्यवहारात सोलापूरच्या एका मराठी कुटुंबाला हे स्थान का मिळाले, हे समजण्यासाठी 1938 सालापर्यंत मागे जावे लागते.

पार्श्वभूमी : 1937 मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. चिनी सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून देशभर निधी जमवण्यात आला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल (पथकप्रमुख), नागपूरचे मो. रा. चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे बिजॉयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी. भारत स्वतः पारतंत्र्यात असताना हे घडले. ज्या देशाकडे स्वतःचे सरकार नव्हते, त्या देशातील लोकांनी वर्गणी काढून दुसऱ्या देशाच्या लढ्याला डॉक्टर पाठवले. भारताच्या परराष्ट्र संबंधांच्या इतिहासात या घटनेला फार वरचे स्थान द्यायला हवे.

कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाची तयारी चालू असतानाच पथकाची बातमी आली आणि त्यांनी अर्ज केला. 1 सप्टेंबर 1938 रोजी पथक मुंबईच्या बंदरातून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. फेब्रुवारी 1939 मध्ये ते येनान या साम्यवाद्यांच्या तळावर पोहोचले. वडील वारल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली. तरीही ते परतले नाहीत. मुखर्जी, चोळकर आणि अटल एकेक करून मायदेशी आले. कोटणीस आणि बसू उत्तर चीनमधील आघाडीवर गेले.

तेथील काम अतिशय खडतर होते. रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरे, शत्रू जवळ आला की सगळा पसारा उचलून डोंगरात न्यायचा. 1940 मध्ये एका लढाईत त्यांनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्याचे आणि 13 दिवसांत 800 हून अधिक जखमींवर उपचार केल्याचे सांगितले जाते. जानेवारी 1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून 1939 मध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करताना झालेल्या जंतुसंसर्गाने दगावले होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तकही लिहायला घेतले. त्यांचे मोठेपण शस्त्रक्रियांच्या आकड्यांपेक्षा या शिकवण्यात अधिक दिसते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले वैद्यकीय कर्मचारी त्यांच्या मागेही काम करत राहिले. 1941 च्या अखेरीस त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा यिनहुआ जन्मला. फेफऱ्याच्या झटक्यांनी खंगलेल्या कोटणीसांचे 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी निधन झाले. त्यांचे थडगे आज हबे प्रांतातील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत आहे. मुलगा यिनहुआही 1967 मध्ये, वैद्यकीय शिक्षण घेत असताना वारला.

भारतात ही कथा घरोघर पोहोचली ती 1946 च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून तो निघाला. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका व्ही. शांताराम यांची, तर नायिका जयश्री होत्या.

नंतरच्या भेटी : 2006 नंतरही चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबाला भेटण्याचा शिरस्ता चालू राहिला. मे 2013 मध्ये पंतप्रधान ली खछियांग मुंबईत कोटणीसांच्या वृद्ध भगिनींना भेटले. त्याच्या थोडे आधी लडाखमधील देपसांग येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती. सप्टेंबर 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी दिल्लीत कोटणीस कुटुंबाचा पंचशील मैत्री पुरस्काराने गौरव केला, तेव्हा चुमार भागात तणाव होता. अशा वेळी कोटणीसांचे नाव घेणे चिनी नेत्यांच्या सोयीचे होते, हे खरे. पण ते नाव सोयीपुरते उरत नाही. करार बदलतात, सीमेवरचे तंबू पुढेमागे होतात, आणि कोटणीसांच्या रुग्णालयात वाचलेले प्राण मात्र कोणत्याही करारावर अवलंबून नाहीत. जून 2020 मध्ये गलवान खोऱ्यात 20 भारतीय जवान हुतात्मा झाले आणि मैत्री वर्षाची भाषा मागे पडली.

महाराष्ट्राने मात्र आपली बाजू पुरेशी सांभाळलेली नाही. सोलापूरच्या भैय्या चौकातील कोटणीस स्मारक खुले व्हायला 2012 साल उजाडले. नागपूरचे डॉ. चोळकर तर विदर्भातही फारसे कोणाला ठाऊक नाहीत, आणि ते त्या पथकात वयाने ज्येष्ठ होते. विद्यापीठांनी आणि शालेय पाठ्यपुस्तकांनी कोटणीसांबरोबर चोळकरांचीही नोंद घ्यावी.