ओठ न पाहता ऐकण्याचा इतिहास

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिस येथे शार्ल एरिए व आंद्रे जूर्नो यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवण-चेतेला विद्युत्-स्पंद देणारे यंत्र बसविले. रुग्णास आवाजाची लय कळू लागली आणि ओठ वाचणे थोडे सुकर झाले. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत विल्यम हाउस यांच्या ज्या एकवाहिनी यंत्राला मान्यता मिळाली, त्याचाही मुख्य लाभ हाच होता: ओठवाचनाला साहाय्य.

परंतु ज्याला ओठच दिसत नाहीत, त्याचे काय?

अशर सिंड्रोममध्ये हा प्रश्न तीव्र होतो. या आनुवंशिक विकारात आंतरकर्णातील केशपेशी व डोळ्यातील प्रकाशसंवेदी पेशी या दोहोंना आवश्यक असलेली प्रथिने सदोष असतात. पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते. पुढे रातांधळेपणा येतो आणि दृष्टीचे क्षेत्र आक्रसत जाते. श्रवण-चेता मात्र बहुधा शाबूत राहते. म्हणूनच निकामी केशपेशींना वळसा घालणारे कॉक्लियर इम्प्लांट येथे उपयोगी पडते.

मात्र त्यासाठी केवळ ध्वनीवरून शब्द ओळखता येणे आवश्यक होते. १९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी बहुवाहिनी यंत्र बसविले. तरीही अनेक विद्युदग्रे एकाच वेळी चालविल्यास त्यांचे प्रवाह कर्णशंखातील द्रवात मिसळत. १९९१ मध्ये ब्लेक विल्सन व सहकाऱ्यांनी हे स्पंद एकाआड एक, अतिशय वेगाने देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर अनेकांना ओठ न पाहता संभाषण समजू लागले.

भारतात २०१४ पासून केंद्राच्या एडिप योजनेतून बालकांच्या इम्प्लांटसाठी अर्थसाहाय्य मिळू लागले. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिची समन्वयक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख केला.

आता प्रश्न वेळेचा आहे. भाषाग्रहणासाठी मेंदूची सर्वाधिक तयारी पहिल्या तीन-चार वर्षांत असते, तर दृष्टी मंदावल्याचे सहसा त्यानंतर लक्षात येते. अशरच्या पहिल्या प्रकारात आंतरकर्णातील तोलाची यंत्रणाही दुबळी असल्याने मूल उशिरा चालू लागते. म्हणून जन्मतः बहिरे असलेले मूल उशिरा चालत असेल, तर त्याच्या डोळ्यांची व जनुकांची तपासणी त्याच वेळी व्हायला हवी. ओठ दिसेनासे होण्यापूर्वी कानाने भाषा शिकण्याची संधी त्यामुळेच मिळते.