दाचा : सहा गुंठ्यांचा इतिहास

आंतोन चेखवच्या 'चेरीची बाग' या नाटकाचा पहिला प्रयोग मॉस्को आर्ट थिएटरमध्ये जानेवारी १९०४ मध्ये झाला. सरंजामी जगाचा अस्त आणि व्यापारी वर्गाचा उदय या चौकटीत हे नाटक शिकवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे पहिल्या अंकातील दोन बोलण्यांकडे दुर्लक्ष होते. बाग तोडून जमिनीचे तुकडे पाडा आणि ते उन्हाळी घरांसाठी भाड्याने द्या, असे व्यापारी लोपाखिन सुचवतो. दाचात राहायला येणारा माणूस आज सज्जात बसून चहा पितो, पण पुढे तो आपल्या देस्यातिनाभर, म्हणजे सुमारे पावणेतीन एकर जमिनीवर शेतीही करू लागेल, असे भाकीत तो करतो. त्याच अंकात म्हातारा नोकर फीर्स सांगतो, की एके काळी या बागेतील चेरी वाळवल्या जात, मुरवल्या जात आणि गाडे भरभरून शहरांत पाठवल्या जात. ती रीत आता कोणालाच आठवत नाही. विसाव्या शतकातील दाचाचा इतिहास या दोन बोलण्यांच्या मध्ये उभा आहे, असे आम्हाला वाटते.

'दाचा' हा शब्द 'देणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला. मुळात ती राजाने बहाल केलेली जमीन. एकोणिसाव्या शतकात तिचा अर्थ शहराबाहेरचे उन्हाळी घर असा झाला. १९१७ च्या क्रांतीने जमिनीची खासगी मालकी रद्द केली, पण देणारा हात नाहीसा झाला नाही. फक्त राजाच्या जागी राज्यसंस्था आली. दुसऱ्या महायुद्धात शहरवासीयांना भाजीपाल्यासाठी जमिनी देण्यात आल्या. वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये १९४२ साली सेंट आयझॅक चर्चसमोरच्या चौकात कोबी लावला होता.

युद्धानंतर, १९४६-४७ च्या दुष्काळाची आठवण ताजी असताना, २४ फेब्रुवारी १९४९ रोजी सोव्हिएत मंत्रिमंडळाने कामगार व कर्मचाऱ्यांच्या बागकामाविषयी ठराव केला. शहराच्या हद्दीत ६०० चौरस मीटरपर्यंत जमीन द्यावी, असे त्यात म्हटले होते. शंभर चौरस मीटरला रशियन बोलीत 'सोत्का' म्हणतात. आपल्या गुंठ्याचे क्षेत्रही जवळजवळ तेवढेच. लोपाखिनच्या देस्यातिनाचे असे सहा गुंठे झाले. कागदोपत्री तो 'बागेचा तुकडा' होता. लोकांनी मात्र त्याला दाचाच म्हटले.

ही जमीन कारखाना वा कार्यालय यांच्यामार्फत मिळे, आणि अनेकदा ती दलदलीची किंवा विजेच्या तारांखालची असे. झाडे काय लावावीत, झोपडी केवढी असावी, यांवर नियम होते. १९६० च्या दशकात झोपडीचे क्षेत्र २५ चौरस मीटरपर्यंत मर्यादित होते आणि ती उबदार करण्यास मनाई होती. तेथे कोणी कायमचे राहू नये, मालक होऊ नये, ही त्यामागील धास्ती. म्हणूनच या श्रमाला 'विश्रांती' आणि 'आरोग्यदायी छंद' ही नावे देणे राज्यसंस्थेच्या सोयीचे होते. माणूस स्वतःसाठी अन्न पिकवतो असे मान्य केले, तर दुकानात ते का मिळत नाही, हा प्रश्न उभा राहिला असता.

हा 'छंद' कुटुंबाच्या वर्षाला आकार देत असे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सदनिकेच्या खिडकीच्या कठड्यावर, दुधाच्या रिकाम्या खोक्यांत टोमॅटोची रोपे वाढत. मेच्या सुट्ट्यांत ती मांडीवर सांभाळत उपनगरी गाडीने नेली जात. बर्चचे पान कोपेकच्या नाण्याएवढे झाले की बटाटा लावावा, असा लोकांचा ठोकताळा. जूनपासून तीन महिने शाळा बंद. नातवंडे आजीकडे दाचावर, आईवडील शनिवार-रविवारी. पाच दिवसांचा आठवडा १९६७ मध्ये सुरू झाल्यावर हे येणेजाणे पक्के झाले. मुले बटाट्याच्या पानांवरचे कोलोरॅडो भुंगेरे वेचून डब्यात टाकत, आणि करंट-रासबेरीच्या पाकावरचा फेस हा त्यांचा हक्क असे. ऑगस्टमध्ये काकड्या शेपूच्या तुऱ्यांसह मिठाच्या पाण्यात बरण्यांत भरायच्या, सप्टेंबरात बटाटा काढायचा, मग कोबी चिरून आंबवायचा. या साऱ्याचा मोठा भार स्त्रियांवर, त्यातही आजीवर असे.

जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रण उठले, बचती वितळल्या, पगार महिनोन्महिने थकले. आता त्याच श्रमाला 'जगण्याची धडपड' म्हटले जाऊ लागले. त्या दशकाच्या अखेरीस, खेड्यांतील परसबागा धरून, देशातील बहुतांश बटाटा घरगुती जमिनीवरच पिकत होता. सायमन क्लार्क या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी मात्र या चित्रावर शंका घेतली. सर्वांत गरीब कुटुंबांकडे मुळात जमीनच कमी होती, आणि लावलेला वेळ व पैसा पाहता पीक फारसे परवडत नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष आम्हाला महत्त्वाचा वाटतो. न परवडणारे काम लाखो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या का करतात? एक उत्तर भीतीचे आहे: ज्यांनी दुष्काळ पाहिला, त्यांचा दुकानावर विश्वास बसत नाही. दुसरे उत्तर स्वातंत्र्याचे आहे: जिथे जवळजवळ सर्व काही वरून ठरत होते, तिथे कोणत्या वाफ्यात काय पेरावे हे तरी कुटुंब ठरवू शकत होते. ही दोन्ही उत्तरे हिशेबात मावत नाहीत. 'छंद' आणि 'गरज' ही नावे बहुतेकदा बाहेरच्यांनी दिली. आजीच्या कंबरदुखीत दोन्हींचा फरक नव्हता.

१ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यात बागायती आणि भाजीपाला संस्था उरल्या, 'दाचा संस्था' हा प्रकार वगळला गेला. अनेक तुकड्यांवर आता सरींच्या जागी हिरवळ दिसते. तिथे राहणारा पुन्हा चहा पिऊ लागला आहे, असे म्हणता येईल. लोपाखिनचे भाकीत खरे झाले आणि बहुधा उलटलेही. इतिहासकाराला मोजता येते ते लोपाखिनचे गणित, आणि ते मोजलेच पाहिजे. पण फीर्स सांगतो ती गोष्ट वेगळी आहे. बाग तोडली जाण्याच्या कितीतरी आधी ती रीत हरवली होती, आणि ती हरवत असताना कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. हे नाटक यापुढे वर्गात शिकवताना लोपाखिनइतकाच वेळ फीर्सलाही द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.