जुळणीचा नियम आणि त्याचा विपर्यास

विजेच्या एका लहानशा नियमाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. नियम अवघ्या एका ओळीचा. परंतु त्याचा भलताच अर्थ करून घेतल्यामुळें चाळीस वर्षें भले भले जाणते फसले, आणि मजसारखा शाळामास्तर तर आयुष्यभर फसला.

मॉरिट्झ याकोबी हे जर्मनींत जन्मलेले गृहस्थ पुढें रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें जाऊन राहिले. १८३८ सालीं त्यांनीं नेवा नदीवर विजेच्या मोटारीची नाव उतारूंसह चालवून दाखविली. विद्युत्-घटांतून मोटारीला जास्तींत जास्त जोर कसा मिळेल, हा त्यांच्यापुढील रोकडा प्रश्न होता. त्यांना असें आढळलें कीं, घटाच्या पोटांत जितका रोध असतो तितकाच बाहेरच्या मंडलांत ठेविला, म्हणजे बाहेर सर्वांत अधिक शक्ति मिळते. हाच तो जुळणीचा नियम.

एक उदाहरण घेऊं. घट १२ व्होल्टचा, त्याचा अंतर्गत रोध २ ओहम. बाहेर २ ओहमच जोडले तर प्रवाह ३ अँपिअर. बाहेर १८ वॅट मिळतात आणि घटांत १८ वॅट उष्णतेच्या रूपानें फुकट जातात. आतां बाहेर १८ ओहम जोडा. बाहेर अवघे साडेसहा वॅटच्या सुमारास मिळतील; परंतु आंत पाऊण वॅटहि जाणार नाहीं. पहिल्या जोडणींत कमाई मोठी, पण निम्मी वाया. दुसरींत कमाई थोडी, पण दहांतले नऊ हिस्से पदरांत. सर्वांत अधिक शक्ति आणि सर्वांत कमी नासाडी हीं दोन वेगळीं ध्येयें आहेत. याकोबींचा नियम पहिल्यापुरताच खरा होता. परंतु पुष्कळांनीं असा समज करून घेतला कीं, विजेच्या कोणत्याहि यंत्राला निम्म्याहून अधिक काम बाहेर देतांच यावयाचें नाहीं.

१८७९ च्या सुमारास एडिसन आणि त्यांचे गणितज्ञ साहाय्यक फ्रान्सिस अप्टन यांनीं अंतर्गत रोध अगदीं थोडा असलेला डायनामो बनविला, आणि तो नव्वद टक्क्यांच्या जवळपास काम देतो असें सांगितलें. तेव्हां टीकाकारांनीं त्यांची थट्टा केली. परंतु १८८२ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर सुरू झालें आणि तेथून दिव्यांना वीज मिळूं लागली. त्यांनीं नियम मोडला नव्हता. तो जेथें लागत नव्हता तेथें लावला नाहीं, इतकेंच.

मग नियम निरुपयोगी ठरला काय? मुळींच नाहीं. दिशा बदलीत वाहणाऱ्या प्रवाहाला तारेच्या वेटोळ्यांचा व संधारकांचाहि अडथळा होतो. त्या एकूण अडथळ्याला इंग्रज संशोधक ऑलिव्हर हेविसाइड यांनीं १८८६ सालीं ‘इंपीडन्स’ हें नांव दिलें. टेलिफोनच्या लांब तारांत हा इंपीडन्स सुमारें ६०० ओहम भरे. बोलणाराच्या आवाजाची शक्ति अत्यल्प, आणि ती वाढविणारे व्हॉल्व्ह अद्याप निघावयाचे होते. शिवाय तारेच्या टोकाशीं जुळणी नसेल तर लहर मागें परतून प्रतिध्वनि ऐकूं येई. म्हणून तेथें जुळणी करणेंच योग्य होतें. पुढें नभोवाणी आली, तिनें टेलिफोनचीच रीत उचलली. १९३९ सालीं अमेरिकेंत ध्वनीची पातळी मोजण्याचें जें माप ठरलें, तेंहि ६०० ओहममधील एक मिलिवॅट, म्हणजे सुमारें ०.७७५ व्होल्ट, यावरच बेतलें होतें.

परंतु काळ पालटत होता. १९२७ सालीं हॅरोल्ड ब्लॅक या तरुण इंजिनिअरास हडसन नदी ओलांडतांना होडींत ऋण प्रतिपोषणाची युक्ति सुचली. अँप्लिफायरच्या बाहेरच्या आवाजाचा कांहीं अंश उलटा करून पुन्हां आंत द्यावयाचा, अशी ती युक्ति. तिनें आवाजांतील विकृति कमी झाली, आणि योग्य तऱ्हेनें योजल्यास अँप्लिफायरचा स्वतःचा इंपीडन्सहि अत्यल्प करतां येऊं लागला. १९४७ नंतर ट्रान्झिस्टर आले आणि शक्ति वाढविणें स्वस्त झालें. तेव्हांपासून घरगुती ध्वनियंत्रांत शक्ति पोंचविण्यापेक्षां व्होल्टेज न घटतां पोंचविणें महत्त्वाचें ठरलें. देणाराचा इंपीडन्स कमी, घेणाराचा निदान दसपट, ही आजची रीत. दसपट असला तरी व्होल्टेजचा अकरावा हिस्साच काय तो गमावतो; कानाला तो जेमतेम जाणवेल.

आतां माझी कबुली. शाळेंत दरवर्षीं मी हा नियम फळ्यावर लिहून ‘सर्वोत्तम’ या शब्दाखालीं रेघ ओढीत असें. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, “सर, सर्वोत्तम म्हणजे कशासाठीं?” मीं त्याला खालीं बसविलें. निवृत्तीनंतर चिरंजीवांनीं घरीं सीडी प्लेअर व अँप्लिफायर आणला. माहितीपत्रकांत प्लेअरचे १०० ओहम आणि अँप्लिफायरचे ४७,००० ओहम पाहून मीं फर्माविलें, “जुळत नाहीं, परत करून ये.” तो म्हणाला, “बाबा, आधीं ऐका तर खरें.” आवाज स्वच्छ आणि भरदार निघाला. मीं जुनीं पुस्तकें काढून रात्रभर आंकडेमोड केली, आणि पहाटे तो मागच्या बांकावरचा मुलगा आठवला.

त्याचा प्रश्न बरोबर होता. प्रत्येक नियमापाशीं तोच विचारावयास हवा होता, आणि मीं तर विचारणारालाच गप्प केलें. तो आज कोठें आहे, ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर माझें उत्तर त्याला उशिरां कां होईना, पण पोंचेल.