ॲडिपोज ट्रायग्लिसराइड लायपेज
ॲडिपोज ट्रायग्लिसराइड लायपेज (संक्षेपाने एटीजीएल) हे मेदपेशींत साठलेल्या चरबीच्या विघटनाचा आरंभ करणारे विकर होय. उपवासाच्या काळात ते ट्रायग्लिसराइडच्या रेणूतील तीन मेदाम्लांपैकी पहिले सुटे करते; उरलेली दोन इतर विकरे सोडवतात. पूर्वी या आरंभाचे श्रेय संप्रेरक-संवेदी लायपेजला दिले जाई. परंतु ते विकर नसलेल्या उंदरांतही चरबीचे विघटन चालूच राहिले. अखेर २००४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकांनी एटीजीएलचे कार्य दाखवून दिले.

नावात मेद ऊतीचाच उल्लेख असला, तरी हे विकर हृदयाच्या व अन्य स्नायूंतही असते. त्याच्या अभावी उंदरांची मेद ऊती वाढते. त्याहून गंभीर म्हणजे हृदयात चरबी साचून ते अकाली मरतात. माणसांत पीएनपीएलए२ या जनुकातील दोषामुळे हाच अभाव उद्भवतो आणि स्नायू क्षीण होत जातात. काही रुग्णांत हृदयही निकामी होते.