कालप्रवासी प्रेमकथा, ख्रिस्ती
अमेरिकन ख्रिस्ती लोकप्रिय कादंबरीचा एक उपप्रकार. लिसा बर्गरेन यांच्या ‘वॉटरफॉल’मध्ये (२०११) एट्रुस्कन थडग्यातील हाताच्या ठशावर तळवा टेकवताच नायिका मध्ययुगीन इटलीत पोहोचते. गॅब्रिएल मेयर यांच्या ‘व्हेन द डे कम्स’ची (२०२२) कल्पना अधिक सखोल आहे : नायिका लिबी १७७४ च्या विल्यम्सबर्गमध्ये झोपते आणि १९१४ च्या न्यूयॉर्कमध्ये जागी होते, एकविसाव्या वाढदिवशी तिला एकच आयुष्य निवडायचे असते. प्रियकर एका काळात, आप्त दोन्हीकडे. या प्रकाराची खरी ओढ इथेच आहे. कालप्रवास हा यंत्राचा चमत्कार न राहता बहुधा ईश्वरी योजनेचा भाग होतो आणि ‘मला याच काळात का जन्माला घातले?’ हा श्रद्धावंताचा प्रश्न प्रेमकथेत धगधगता होतो. या कादंबऱ्यांच्या शारीर वर्णनातला संयमही जुन्या काळच्या प्रणयाराधनाशी सहज जुळतो.