पाचगणीतील बाग, परसू आणि आवार

पाचगणीच्या बागांचा इतिहास सामान्यतः एकाच गृहस्थापासून सांगितला जातो. इ. स. 1860 नंतरच्या दशकात या गिरिस्थानाची व्यवस्था जॉन चेसन या इंग्रजाकडे आली आणि त्याने सिल्व्हर ओक, पॉइनसेटिया इत्यादी परदेशी झाडे येथे लावली, असे हे वृत्त आहे. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. बंगल्याभोवतीची बाग कशी निर्माण झाली एवढेच त्यातून कळते. ज्यांना बंगला नव्हता त्यांच्या घरापुढची आणि घरामागची जागा कशी शोभिवंत झाली, याविषयी लिखित साधने जवळजवळ मौन पाळतात. अशा ठिकाणी भाषेची साक्ष काढावी लागते.

महाबळेश्वर हे पावसाळ्यात राहण्यास गैरसोयीचे. त्याच्या पूर्वेस काही कोसांवर पाऊस झपाट्याने उणावतो, म्हणून दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरातील जागा वस्तीसाठी पसंत करण्यात आली. चेसनने बंगलेवाल्यांबरोबर शिंपी, धोबी, खाटीक, भाजीविके, बांधकामाचे मक्तेदार यांनाही येथे वसण्यास उत्तेजन दिले. त्यांची वस्ती बाजाराच्या खालच्या अंगास झाली व ती गावठाण म्हणून ओळखली जाते. तात्पर्य, गिरिस्थानाच्या आरंभापासूनच येथे दोन प्रकारची घरे होती आणि म्हणून दोन प्रकारच्या मोकळ्या जागाही होत्या.

या जागांची नावे पाहावीत. बंगल्याभोवती असते ते ‘कंपाउंड’. वाड्याभोवती असते ते ‘आवार’. सामान्य घरापुढे असते ते ‘अंगण’ आणि मागे असते ते ‘परसू’. अंगण हा शब्द सरळ संस्कृतातून आलेला. परसू मोल्सवर्थच्या कोशात घरामागील बंदिस्त जागा किंवा बाग या अर्थाने नोंदलेला आहे. ‘बाग’ मात्र फारसी. राजा, सरदार किंवा धनिक यांनी मुद्दाम पैसा खर्चून केलेली ती बाग, असाच त्या शब्दाचा मूळ रोख दिसतो. पुढे ‘परसबाग’ हा जोडशब्द रूढ झाला, तेव्हा एका गरीब शब्दाचा एका श्रीमंत शब्दाशी विवाह लागला असे म्हणण्यास हरकत नाही.

बागकामाची जी साधी परिभाषा आहे तीत फारसी वा इंग्रजी शब्द थोडेच सापडतात. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी धरण्यासाठी केलेले ‘आळे’ हे संस्कृत ‘आलवाल’ शब्दाचे रूप आहे. कुंपणाला म्हणतात ती ‘वई’, ती ‘वृति’ शब्दापासून आली. चुन्याशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचून केलेला तो ‘गडगा’. या तिन्ही गोष्टींस पैसा लागत नाही, श्रम लागतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. डोंगरउतारावर घराचा चौथरा काढताना जो दगड निघतो तोच खालच्या अंगास रचला की माती अडते, पावसाच्या पाण्याचा वेग मोडतो आणि लावणीयोग्य सपाटी मिळते. पाचगणीच्या पठारावर जांभ्याचा थर आहे व माती पातळ आहे. तेथे माती राखणे हाच बागेचा पहिला आणि महागडा भाग होय. तो ज्याने स्वहस्ते केला, त्याचा निम्मा खर्च वाचला.

उरलेला खर्च रोपांचा. येथे चेसनच्या बागेचा गावठाणाला झालेला उपयोग तर्काने सांगता येतो. पॉइनसेटिया ही मूळची मेक्सिकोची वनस्पती. तिची लाल फुले म्हणून जी वाखाणली जातात ती वस्तुतः फुलाजवळची पाने आहेत. तिची पांढऱ्या चिकाची फांदी छाटून मातीत खोचली की मूळ धरते. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा. त्याचे पंख असलेले हलके बी वाऱ्यावर जाते. म्हणजे ही झाडे बंगल्याच्या कुंपणात कोंडून राहणारी नव्हतीच. छाटणीच्या वेळी माळी ज्या फांद्या टाकून देतो, त्याच दुसऱ्याच्या अंगणात जातात, ही रीत सर्वत्र आढळते. आणि बंगल्यांतील माळीकाम करणारे हात बहुधा गावातलेच असत.

नामवंतांच्या यादीत न बसणाऱ्या हातांचे आणखी एक उदाहरण शेजारीच आहे. महाबळेश्वरच्या बंदिगृहात चिनी आणि मलायी कैदी ठेवले जात. त्यांनी तेथे मळे केले व बटाटा आणि इतर भाज्यांची लागवड वाढविली, याची नोंद मुंबई इलाख्याच्या 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये आहे. ते बंदिगृह 1864 मध्ये मोडले. भाजीचे वाफे मात्र राहिले. त्या कैद्यांपैकी एकाचेही नाव कोणाच्या तोंडी नाही.

फुकट मिळणारे प्रत्येक रोप हितकारकच असते असे नव्हे. लँटाना ही अमेरिकेतील झुडपी वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आली ती शोभेसाठी व कुंपणासाठी. खर्च नाही, निगा नाही, जनावर तोंड लावीत नाही. अल्पव्ययी कुंपणास याहून अधिक काय हवे? परंतु पाखरांनी तिची फळे खाऊन बी रानोमाळ नेले आणि देशी झुडपांची जागा तिने बळकावली. निर्गुडी आणि अडुळसा हेही जनावरे न खाणारे कुंपण आहे. पण त्यांना बंगल्याची प्रतिष्ठा नव्हती. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यानंतर बांधकाम आणि वृक्षतोड यांवर अधिक लक्ष गेले. अंगणातील झुडपाची निवड ही मात्र घरधन्याचीच बाब राहिली.

भाषेने या पाहुण्यांची वासलात कशी लावली हे पाहणे उद्बोधक आहे. सिल्व्हर ओक दीडशे वर्षे रस्त्याच्या कडेला उभा आहे. तो ओक नव्हे, आणि तरीही तो आजतागायत इंग्रजी नावानेच ओळखला जातो. लँटाना कोणी निमंत्रण न देता गुराख्याच्या वाटेवर आली आणि तिला तत्काळ दोन मराठी नावे मिळाली. एक टणटणी, आणि दुसरे, पान चुरगाळून हुंगणाऱ्याने दिलेले, घाणेरी.